हेश्वानचा तिसावा दिवस

"घरं अकरा आणि पानं तेरा," तेलाची झारी टेकवत मशीनवाला पुटपुटला. "घरटी एक महिना वाटला तरी दोन उरतात. कोणासाठी छापतोय, देव जाणे."

तो मशीनशी बोलत होता. पण छापखान्यात मशीन आणि बांधणीचं टेबल यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा, त्यामुळे मशीनला सांगितलेलं सगळं बाइंडरबाईंना आपोआप कळायचं. बावीस वर्षं कळत आलं होतं. मशीनला मात्र अजून काही कळलेलं दिसत नव्हतं.

"यंदा अदार दोनदा येतो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. मग दोन-तीन वर्षांनी एक महिना जोडून घ्यावा लागतो. पँटला पट्टी लावतात तसा."

"आणि जोडायला अदारच सापडला?"

"तो आनंदाचा महिना आहे."

"मग ठीक," मशीनवाला म्हणाला. "आम्हाला काही जादा मिळालं तर उन्हाळाच मिळतो."

कॅलेंडर गावातल्या यहुदी घरांचं होतं. एके काळी दोनशे प्रती लागायच्या. आता अकरा लागत आणि रिवाजाप्रमाणे वीस छापल्या जात. वर्ष तिश्री महिन्यात सुरू होई, म्हणून त्याच्या आधीच्या एलुलमध्ये ते छापून हातात पडायला हवं. चाळीस वर्षं ते बाईंच्या वडिलांनी केलं. वडील घड्याळजी. दिवसा लोकांची घड्याळं उघडायची आणि उरलेल्या वेळात महिने जुळवायचे, हे त्यांचं आयुष्य. कुठल्या चौकोनात कोणाच्या घरच्या मेलेल्या माणसाचं नाव बारीक अक्षरात टाकायचं, हेही तेच बघत. म्हणजे त्या घरात त्या दिवशी आठवणीने दिवा लागे. आणि प्रत्येक महिन्याच्या नावाखाली ते स्वतःची एक ओळ लिहीत. लोक म्हणत, घड्याळजीचं कॅलेंडर तारखेसाठी कमी आणि ओळीसाठी जास्त बघतो आम्ही.

निसानखाली, कारण तो इजिप्तच्या गुलामीतून निघाल्याचा महिना, ओळ होती, पाठीवर मावेल तेवढंच घ्या आणि निघा. तेबेतखाली, कारण तो थंडीचा आणि रागाचा महिना: भांडायच्या आधी स्वेटर घाला. अदारखाली: हसून घ्या, कारण नंतर शोधू. बाई ह्या ओळी बावीस वर्षं तपासत आल्या होत्या, पण फक्त स्वल्पविराम आणि वेलांट्यांसाठी. वडिलांचं बोलणं मुलीला जेवढं ऐकू येतं, तेवढंच.

वडील गेल्यानंतरचं हे पहिलं कॅलेंडर. बाईंनी जुन्या ओळी तशाच ठेवल्या होत्या आणि बाकी पानं जुळवून दिली होती. एकच पान अडलं होतं.

"हेश्वानचं काय करताय?" मशीनवाल्याने विचारलं. "उद्या सकाळी दहाला छपाईची प्लेट करायची आहे. मालकांचं लग्नपत्रिकेचं काम येतंय, नंतर आठ दिवस मशीन द्यायचे नाहीत ते. ओळही नाही त्या पानावर."

"ओळ कधीच नव्हती."

ते खरं होतं. तिश्रीत सण एकावर एक येतात, उपास येतात, माणूस देवाच्या दाराशी उभा राहून दमतो. आणि मग हेश्वान. त्यात काहीच नाही. सण नाही, उपास नाही, काही नाही. कोणी विचारलं तर घड्याळजी म्हणत, "बाकीच्या महिन्यांत देव पाहुणा म्हणून येतो. हेश्वानात तो घरचाच असतो. घरच्या माणसाबद्दल काय लिहायचं?" आणि नावाखालची जागा कोरी सोडत.

त्याच कोऱ्या महिन्यात ते गेले.

"माझं अडलंय ते ओळीपाशी नाही," बाई म्हणाल्या. "बाबांना चौकोन नाही."

मशीनवाल्याने झारी खाली ठेवली.

"आमचे महिने कधी एकोणतीस दिवसांचे, कधी तीस," बाई म्हणाल्या. "बहुतेकांचं ठरलेलं असतं. हेश्वान लहरी. गेल्या खेपेला त्याला तीस दिवस होते. बाबा तिसाव्या दिवशी गेले. आता येणाऱ्या वर्षी एकोणतीसच आहेत."

"म्हणजे वडिलांचा दिवसच गायब?"

"यंदापुरता."

"माझ्या मेव्हण्याचा वाढदिवस एकोणतीस फेब्रुवारीचा आहे," मशीनवाला म्हणाला. "पण त्याच्या बाबतीत आम्ही खूश असतो." मग त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं. "मग अशा वेळी करतात काय?"

"अलीकडचा दिवस धरायचा की पलीकडचा, यावर वाद घालतात."

"तुम्ही अलीकडचा धरा ना. संध्याकाळचेच गेले ना ते? मला चांगलं आठवतंय. त्या दिवशी मोटर जळाली आणि आपण सगळे चारलाच सुटलो. मी घरी जाऊन झोपलो होतो, तेवढ्यात तुमच्या भावाचा फोन–"

"कागदाची सुरी कुठे ठेवलीत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

सुरी त्यांच्या हातातच होती. मशीनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि तो परत मशीनला तेल घालू लागला. माणूस तोंडाने वाजत असला तरी मनाने बरा होता.

दुपारी बाई पान घडी करून पर्समध्ये घालून घरी आल्या. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी वडिलांची खुर्ची, तिच्यापुढे कामाचं टेबल, त्यावर भिंग, आणि कोणी न्यायला न आलेली चार घड्याळं. चारींची वेळ वेगवेगळी. वडील होते तोवर घरात एवढी टिकटिक असे की बाईंना राग यायचा. आता चारही बंद होती आणि बाई रेडिओ लावून जेवत. एका माणसाचा स्वयंपाक करायला त्या अजून शिकल्या नव्हत्या. सकाळचं संध्याकाळी, संध्याकाळचं सकाळी, अशी त्यांची आणि पातेल्याची रस्सीखेच चाले.

खुर्चीच्या वर भिंतीला एक फळी होती. भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाचं लाकूड तासून वडिलांनी ती केली होती. तिला तीस भोकं आणि एक पितळी खुंटी. त्यांच्या कॅलेंडरातला दिवस मध्यरात्री बदलत नसे. सूर्य मावळला की जुना दिवस संपला आणि नवा लागला. म्हणून रोज संध्याकाळी, समोरच्या इमारतीच्या टाकीमागे सूर्य गेला की घड्याळजी उठत, खुंटी पुढच्या भोकात घालत आणि मग दिवा लावत. आधी खुंटी, मग दिवा. ताप असला तरी. एकदा घरात पाहुणे भांडत होते, तेव्हा मध्येच उठून त्यांनी खुंटी हलवली आणि म्हणाले, "आता हे कालचं भांडण झालं. चालू ठेवायचं की कसं?"

बाई खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. खुर्चीत त्या अजून बसत नसत.

त्या दिवशी मोटर जळाली आणि त्या चारला सुटल्या, हे खरं. घर वीस मिनिटांवर. पण घरी माणूस होता. आजारी नव्हे, पण म्हातारा. त्याला चहा, त्याला औषध, त्याची तीच गोष्ट तिसऱ्यांदा. पाच वाजता धाकटा भाऊ यायचाच होता, दर बुधवारी यायचा. म्हणून बाई बस डेपोत गेल्या आणि बाकावर बसल्या. बिस्किटाचा एक पुडा घेतला. पहिली बस आली, सोडली. दुसरी सोडली. तिसरीच्या कंडक्टरने विचारलंसुद्धा, "मावशी, कुठे जायचंय?" बाई म्हणाल्या, "कुठेच नाही." आणि असं म्हणताना त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी आणखी एक पुडा घेतला. अडीच तास त्या कोणाच्याच कोणी नव्हत्या.

सातला घरी आल्या तेव्हा घर अंधारात होतं. त्यांनी बटण दाबलं. बाबा खुर्चीत होते, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर उघडलेलं घड्याळ. हात गार. वर फळीवर खुंटी एकोणतिसाव्या भोकात.

भाऊ आणि भावजय वीस मिनिटांत आले. भाऊ दारातच म्हणाला, "असं कसं होईल? मी साडेसहाला तर निघालो इथून. बोलत होते माझ्याशी." सूर्य पावणेसहाला मावळला होता. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि बाईंना हळू आवाजात सांगितलं, "तीन तास तरी झाले असावेत." भाऊ तेव्हा जिन्यात फोनवर होता. डॉक्टर गेले. दाखल्यावर तारीख एकच पडली. सूर्याचं तिथे कोणी विचारत नाही. मग भाऊ आत येऊन बाबांच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला, आणि सगळ्यांच्या पाठी वळलेल्या असताना बाईंनी हात वर करून खुंटी तिसाव्या भोकात घातली.

भावासाठी घातली, असं त्या दहा महिने स्वतःला सांगत होत्या.

सुतकाचे सात दिवस माणसं येत राहिली. भाऊ प्रत्येकाला सांगे, "दिवेलागणीपर्यंत आम्ही बोलत होतो. जुन्या गोष्टी काढत होते. मी उठलो आणि मागे..." माणसं मान हलवत. "भाग्यवान म्हातारा," म्हणत. "मुलगा उशाशी होता." कोणी बाईंना विचारलं तर त्या म्हणत, "ओव्हरटाइम होता." ही गोष्ट सांगून सांगून अशी गुळगुळीत झाली होती की तिला आता कुठे हात लागत नव्हता. आणि त्या गोष्टीत घड्याळजी तिसाव्या दिवशी गेले होते. असा दिवस, जो यंदा नाहीच.

तिसावा ठेवला तर ह्या पानावर बाबांना स्वतःची जागा नव्हती, उसनी घ्यायची. एकोणतिसावाच खरा म्हणून लिहिला तर पुढे तीस दिवसांच्या हेश्वानातही तोच लिहावा लागणार, आणि मग अकराही घरं विचारणार होती, का बदलला?

बाईंनी पर्समधून कागद काढले. हेश्वानच्या मागे एलुलचं पान चिकटून आलं होतं; सध्या चालू होता तोच महिना. नावाखालची ओळ त्यांना पाठ होती, तरी त्यांनी वाचली. पहिल्यांदाच वेलांट्या न तपासता वाचली.

ज्या दाराशी जायचं टाळताय, आधी तिथे जा.

"बाबा, तुम्ही पण ना," बाई म्हणाल्या, आणि चपला घातल्या.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट तीन आठवडे बंद होती. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बाईंचा श्वास घशाशी आला.

"गावभरच्या लिफ्ट चढवतात आणि बहिणीला जिने," भावजयीने दार उघडत म्हटलं. "बसा ताई. पाणी आणते. तोंड किती लाल झालंय."

"सुटा भाग येत नाही तिचा," आतून भाऊ म्हणाला. "मी काय तो घरी बनवू?"

"बायकोला मात्र सांगतात, सगळं घरी बनव."

बाई हसल्या. हे घर त्यांना आवडायचं. इथे एका वेळी दोन माणसं बोलत. बसायच्या खोलीत, जिच्या कोपऱ्यातच ओटा होता, मावळतीची खिडकी होती, ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. दोन्ही बाजूंना मोहरीच्या रंगाचे, पानापानांचे पडदे होते, चांगले जाड, पण सुतळीने करकचून बांधलेले. बाईंनी ते कधी सोडलेले पाहिले नव्हते. भावजय हाताची झापड करून चहा गाळायची, पण पडदा ओढायची नाही.

भाऊ येऊन समोर बसला. पन्नाशीला टेकला तरी बसायची पद्धत बाबांचीच, एक पाय दुसऱ्याखाली.

"फोन न करता आलीस," तो म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही. कॅलेंडर." बाईंनी पान टेबलावर उलगडलं. "उद्या छापायला जायचंय. हेश्वानला यंदा तीस नाही."

भावाने पान बघितलं. बोटाने शेवटचा चौकोन शोधला. घड्याळजीचा मुलगा होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"मग पुढच्या महिन्याची, किस्लेवची एक तारीख टाक," तो म्हणाला. "लोक टाकतात."

"टाकतात."

"मग प्रश्न काय?"

"प्रश्न असा की," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. चहा आला. त्यांनी कप घेतला. "तू निघालास तेव्हा बाबांनी खुंटी हलवली होती?"

"कोणती खुंटी?"

"फळीवरची. सूर्य मावळला की हलवायचे ती."

"हलवली असेल. तीसवर होती ना? मी आलो तेव्हा तीसवर होती, मी पाहिली."

"परत आलास तेव्हा."

"हां. तेव्हा."

"आणि दिवा? दिवा लावला होता त्यांनी, तू निघालास तेव्हा?"

"ताई, दहा महिने झाले," भाऊ म्हणाला. "तू आता वकिलासारखी काय विचारतेस? लावला असेल. नसेल लावला. आम्ही बोलत होतो, माझं लक्ष नव्हतं."

"काय बोलत होते?"

"जुनंच. ते... टॉवरचं घड्याळ दुरुस्त करायला वर चढले होते आणि खाली शिडीच नेली कोणीतरी, ते."

ती गोष्ट बाबा सगळ्यांनाच सांगत. सुतकाच्या सात दिवसांत भावाने वेगळी गोष्ट सांगितली होती. बाईंना ते आठवलं, भावाला ते आठवलेलं त्याच्या तोंडावर दिसलं. त्यांनी चहात फुंकर मारली. चहा गार झाला होता.

"अहो," भावजय म्हणाली. ती अजून उभीच होती, हातात गाळणी. "सांगून टाका ना."

"तू आत जा."

"मी नाही जात. दहा महिने मी ह्या खोलीत डोळे मिटून स्वयंपाक करते." ती बाईंकडे वळली. "ताई, हे पडदे आम्ही त्या दिवशी घेतले. त्या बुधवारी. दुकान सहाला बंद होत होतं, शेवटचा दिवस होता सेलचा. मीच म्हटलं, बाबांकडे काय, उद्या जाऊ. हे नको म्हणत होते. मीच ओढून नेलं."

"तिने नाही ओढलं," भाऊ म्हणाला. "मलाच कंटाळा आला होता. जिना चढून जायचं, ती शिडीची गोष्ट ऐकायची." त्याने पाय खाली सोडला. आता तो बाबांसारखा दिसत नव्हता. "मी गेलोच नव्हतो, ताई. दारात तुझं तोंड बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, मी आत्ता तर होतो इथे. एकदा निघालं ते निघालं. मग लोक यायला लागले."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तेव्हापासून. खुंटी एकोणतीसवर होती. मी हलवली."

भावाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत आधी भीती होती आणि मग कृतज्ञता यायला लागली, आणि ती कृतज्ञता बाईंना सोसेना. ती घेऊन घरी जाणं सोपं होतं. थोरली बहीण, मोठ्या मनाची, धाकट्याला पाठीशी घातलं. भावाच्या घरात तेवढंच नाव झालं असतं.

"तुझ्यासाठी नाही हलवली," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुझ्यासाठी पण. पण बाबा कधी गेले हे ठरलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ताई कुठे होती? मी चारला सुटले होते. मोटर जळाली होती. ओव्हरटाइम काही नव्हता."

"मग तू कुठे होतीस?"

"बस डेपोत. बाकावर. बिस्किटं खात होते."

भावजयीने गाळणी टेबलावर ठेवली, थेट कागदावर. तिच्या लक्षात आलं नाही. चौदा आणि पंधरा तारखेवर चहाचा गोल उठला.

"कोणाची वाट बघत होतीस?" भावाने विचारलं.

"कोणाची नाही. नुसती बसले होते. मला वाटलं, तू आहेस."

"आणि मला वाटलं, तू आहेस," भाऊ म्हणाला.

खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. आता डोळ्यांना त्रास नव्हता, पण भावजय खिडकीशी गेली, आणि तिने सुतळीची गाठ सोडायला घेतली. गाठ दहा महिन्यांची, सुटेना. तिने दातांनी सोडवली. पडदा पहिल्यांदाच खाली आला आणि नव्या कापडाचा वास आला. खोलीत अंधारून आलं. कोणी दिवा लावला नाही.

बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. एकोणतिसाव्या चौकोनात, डोळे बारीक करून, वडिलांचं नाव लिहिलं. अक्षर नीट आलं. मग पान भावाच्या पुढे सरकवलं, तपासायला, जसं छापखान्यात दुसऱ्या नजरेसाठी देतात.

भावाने ते बघितलं. वर महिन्याच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर त्याचं बोट बराच वेळ टेकलेलं होतं.

"बाबा घाबरले असतील का?" भावजयीने विचारलं.

"घड्याळ उघडलेलं होतं मांडीवर," बाई म्हणाल्या. "म्हणजे काम करत होते."

"हो," भाऊ म्हणाला. "काम करत होते." त्याने पान बहिणीकडे परत सरकवलं. पण हात त्यावरून काढला नाही.

"बाबा एकटे होते, ताई," तो म्हणाला. "गेले तेव्हा त्यांच्याजवळ आपल्यातलं कोणीच नव्हतं."